ताटावर ताट

गेल्या दिवाळीत पुण्याचा एक निर्माता संयोगिताची पटकथा ऐकायला घरी आला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, उदयसिंहाने, त्याला आधी जेवायला बसवलं. पाहुणा जेवल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, ही घरची रीत. निर्मात्याने पांढरा रस्सा मागून मागून घेतला. मग संयोगिता वाचायला बसली. दुसरं पान उलटेपर्यंत त्याची मान छातीवर आली होती. जागा झाल्यावर "कळवतो" म्हणून गेला, तो गेलाच.

शिवणक्लासच्या मुली गेल्या की कापडाचे तुकडे बाजूला सारून तिने ती पटकथा लिहिली होती. आज इचलकरंजीचे निर्माते शशिधर ती ऐकायला येणार होते. यांनाही डुलकी लागली तर कागद ट्रंकेत, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

या वेळी तिने मटण शिजवलं, पण भाकरीचं पीठ मळलंच नाही. सासूचा, आक्कांचा, जीव खालीवर होऊ लागला.

"पावण्याला नुसत्या वासावर बसवतीस व्हय? गावात तोंड दाखवायचं हाय आमाला."

"गोष्ट झाली की थापते."

बाहेर शशिधर मोबाइल चाळत होते. संयोगिताने वाचायला कागद उघडले, त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळलेली पाहिली आणि कागद मिटून टाकले.

"दोन जावा आहेत," ती म्हणाली. "बारा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. पुरात दोघीच एका गच्चीवर अडकल्यात. एकीकडं पीठ आहे, दुसरीकडं काडेपेटी."

शशिधरांनी मोबाइल पालथा ठेवला. "आणि चूल?"

"मधोमध."

उदयसिंहाला मात्र राहवेना. त्याने शेजारून भाकऱ्या आणल्या आणि वाढलेलं ताट पाहुण्यापुढे ठेवलं. "घ्या पावणं, गार हुतंय." गेल्या वेळीही असंच ताट आलं होतं.

शशिधरांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, पण तो हातातच राहिला.

"आधी कोण बोललं?"

ती तोंड उघडणार, तोच दारातून आक्का म्हणाल्या, "धाकटीच बोलली असणार की. थोरली कशाला कमीपणा घेतीया?"

"न्हाय वो आक्का," शशिधर वळून म्हणाले, "पीठ जिच्याकडं, ती आधी बोलणार. तिला पोरं असतील."

दोघांची जुंपली. उदयसिंह ताटाकडे बघत उभा राहिला. संयोगिताने शशिधरांच्या हातातला तुकडा घेऊन परत ठेवला, ताटावर दुसरं ताट झाकलं, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.