‘पारे’ म्हणण्याआधी

हुकूम या शब्दाची मला लहानपणापासून चीड. माझा आजा बाळापूरकडे दुसऱ्याच्या वावरात राबला. तिथं त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. चल, उचल, हो बाजूला, एवढंच कानावर पडायचं. बाबांनी पुढं मजुरांसाठी पत्रकं काढली. शाईचा वास येणाऱ्या त्या कागदांच्या घड्या घालत, त्यातली वाक्यं वाचतच मी वाढले. माणसानं माणसावर हुकूम सोडू नये, हे माझ्या अंगात भिनलेलं.

म्हणून अकोल्याच्या स्पॅनिशच्या वर्गात आज्ञार्थाचा धडा आला तेव्हा मी अडून बसले. नियम सोपा होता. ‘पारार’ म्हणजे थांबणं. मित्राला ‘पारा’, मान देऊन सांगायचं तर ‘पारे’. आदराच्या आज्ञेत ‘आर’वाल्या क्रियापदाला ‘ए’ लागतो. ‘एर’, ‘ईर’वाल्यांना ‘आ’. ‘आब्रीर’ म्हणजे उघडणं, ‘आब्रा’ म्हणजे उघडा.

“मी विनंतीचीच वाक्यं वापरीन, मॅडम.”

“वापर. पण आधी हे तोंडात बसव, मग भांडायला ये,” बाई म्हणाल्या.

पुढं अमरावतीच्या एमआयडीसीत, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या मशीन बनवणाऱ्या कारखान्यात मी दुभाषी म्हणून लागले. एका संध्याकाळी पॅराग्वेहून व्हिडिओ कॉल आला. तिकडं पाठवलेल्या मशीनमध्ये कापूस अडकला होता. पडद्यावर तिथला कामगार, इकडं मी आणि आमचे मेकॅनिक काका.

“झाकण उघड म्हन त्याले.”

आपल्याला झाकण उघडता येईल का, असं मी विचारलं. त्यानं उघडलं.

“एवढं लांबलचक काहून बोलून राहिली?”

“मान देऊन बोलते, काका.”

“मान दे बापा, पन लवकर दे.”

त्या माणसानं बटण बंद केलं. बंद केल्यावरही आतला रोलर बराच वेळ फिरत राहतो. तो थांबायच्या आतच त्यानं कापूस ओढायला हातमोज्यातला हात आत घातला.

काका ताडकन उठले. “अबे! थांब म्हन त्याले! थांब म्हन!”

मी तोंड उघडलं आणि सवयीनं तेच लांब वाक्य सुरू झालं: आपल्याला जरा थांबता येईल का. तो हसला. येईल की, एवढं काढतो, म्हणाला. हात आणखी आत गेला. आ की ए, काहीच आठवेना. दिसत होती फक्त त्याची बोटं आणि त्यांच्यामागं फिरणारा रोलर.

“पारे!” मी किंचाळले. “रेतीरे ला मानो!” हात काढा!

त्यानं हात झटक्यानं मागं घेतला. मोजा मात्र आत ओढला गेला. फोन त्याच्या दुसऱ्या हातून पडला आणि पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं. मोज्याबरोबर आणखी काय गेलं, कळेना. काकांनी माझा दंड घट्ट धरला होता.

“एन्सेन्ये ला मानो,” मी म्हणाले. हात दाखवा. पुन्हा म्हणाले.

छत हललं. मग पाच बोटं दिसली, उघडी, शाबूत. आता काय करू, असं तो विचारत होता. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“एस्पेरे.” वाट बघा. रोलर पूर्ण थांबेपर्यंत मी तेच म्हणत राहिले.

काका मटकन खुर्चीत बसले. “पानी पे म्हन त्याले.”

“बेबा आग्वा,” मी म्हणाले. पाणी प्या.