हशा मोजणारा शेजारी

लंडनच्या पिनर उपनगरात आमच्या शेजारी एक इटालियन म्हातारा राहायला आला, आणि वर्षभर मी त्याला निवृत्त प्लंबर समजत होते. आमचा बॉयलर त्याने दोनदा दुरुस्त केला होता, आणखी काय समजणार? पुढे कळलं की तो विनोदी सिनेमांचा दिग्दर्शक होता. त्याच्या एका सिनेमाचा नायक प्लंबर होता, त्यासाठी तो हे काम शिकला होता.

त्याचे सिनेमे तिकडे धो धो चालले. खाष्ट सासवा, भित्रे पाद्री, लग्नातून पळणारे नवरदेव. निर्माते दारात उभे असायचे आणि समीक्षक नाकं मुरडायचे. समीक्षकांचं त्याला काही वाटत नसे. मुलीचं वाटे. ती केंब्रिजला सिनेमा हाच विषय शिकवायची, आणि बापाचा एकही सिनेमा तिने शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

"एकदा तिला भरलेल्या हॉलमध्ये बसवायचंय," तो मला म्हणाला. "घरी टीव्हीवर माझे सिनेमे मलासुद्धा आवडत नाहीत."

मी आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. हॉल भरणं माझ्या हातात होतं. बटाटेवडे आहेत असं कळवलं की तो भरतोच.

त्याची एक जुनी सवय होती. नवा सिनेमा लागला की तो पहिल्या रांगेपुढे, पडद्याकडे पाठ करून बसायचा आणि प्रत्येक हशाला कागदावर पेन्सिलीने एक रेघ ओढायचा. ज्या सीनला रेघ नाही, तो दुसऱ्या दिवशी कापला जायचा. मंडळात मी त्याचा सिनेमा ठेवला, त्या रविवारी दुपारीही तो तसाच बसला. मुलगी तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून.

घोळ मी घातला. पाहुण्याची ओळख करून देताना आपल्याकडे कुणी हात आखडता घेत नाही. मी त्याला थोर कलावंत म्हणाले, जागतिक सिनेमाचा साधक म्हणाले, आणि 'मानवी दुःखाचा भाष्यकार' हेही मीच म्हणाले. मग शाल, श्रीफळ, आणि दिवे बंद.

सत्तर माणसं देवळात बसल्यासारखी बसली. पडद्यावर नवरदेव केकसकट कालव्यात पडला. आमचे एक निवृत्त भूलतज्ज्ञ काका हळूच म्हणाले, "वा." सासू कपाटातून बाहेर आली, तेव्हा मागे कुणीतरी सुस्कारा टाकला. मध्यंतरापर्यंत कागद कोरा होता.

"हे लोक आजारी आहेत का?" त्याने मला विचारलं.

"नाही, बरेचसे डॉक्टर आहेत."

तो हसला नाही. तिकडे मुलगी कोट घालत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात वड्यांच्या टेबलापाशी भूलतज्ज्ञ काकांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. "अगं, तासभर ओठ चावून बसलेय मी. हसलेलं चालेल ना? त्यांना ऑफेन्सिव्ह नाही ना वाटणार?"

"काकू, हसायचाच सिनेमा आहे तो."

"मग मघाशी दुःख दुःख काय करत होतीस?"

मी मुलीच्या हातात एक वडा ठेवला आणि तो संपेपर्यंत तरी थांबा म्हणून विनवलं. मग माइक घेऊन सगळ्यांसमोर आपलं भाषण मागे घेतलं. लोक चिडले. आधी का नाही सांगितलंत, म्हणाले, आता पहिल्यापासून लावा.

नवरदेव पुन्हा केकसकट कालव्यात पडला आणि हॉल दणाणला. काका खोकेपर्यंत हसले. काकू पदराने डोळे पुसत होत्या. मुलगी कोट अंगात ठेवूनच, खुर्चीच्या कडेवर टेकली होती. बराच वेळ तिने तोंड घट्ट मिटून ठेवलं. मग सासू कपाटातून बाहेर आली, आणि ती हातातल्या वड्यासकट खो खो हसत सुटली.

सगळे गेल्यावर खुर्च्या आवरताना मला त्याचा कागद सापडला. हॉल दीड तास हसत होता. कागदावर एकच रेघ होती.