बंद दारांची मोजदाद

आमची मावशी वीस वर्षं लोकांची दारं वाजवत आली. विद्यापीठातल्या सरांना शहराबद्दल प्रश्न पडायचे आणि उत्तरं गोळा करायला मावशी वस्त्यांमधून पायपीट करायची. घरात माणसं किती, पाणी किती वाजता येतं, संडासाला रांग किती. तिच्याबरोबरच्या बायका टपरीवर बसून निम्मे फॉर्म मनानेच भरायच्या. ही कधीच नाही. तिच्या या प्रामाणिकपणाचा मला लहानपणापासून वैताग आहे. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला विसरला, तर ही गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत जायची.

यंदा सरांनी अभ्यासाला आमचीच गल्ली निवडली. नियम असा, की दहा ते पाच या वेळात, तीन वेगवेगळ्या दिवशी दार वाजवायचं. तिन्ही वेळा कुलूप असेल तर 'बंद' लिहायचं. आणि स्वतःच्या घराची माहिती स्वतः भरायची नाही. आता आमच्या गल्लीत दिवसा असतं कोण? कुणी शिलाईच्या कारखान्यात, कुणी इस्पितळात लादी पुसायला, मी दुकानात. साठातली बेचाळीस घरं बंद निघाली. त्यातलं एक आमचं. किल्ली हिच्या पर्समध्ये, तरी बाईसाहेबांनी तीन दिवस आपलंच दार वाजवलं, 'बंद' लिहिलं आणि खाली सही केली. मला कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. त्या हसण्याची आता लाज वाटते.

विद्यापीठाच्या विभागात टाइप होताना 'बंद'चं 'रिकामं' झालं. सरांच्या निबंधात 'गुंतवणूक म्हणून अडवून ठेवलेली घरं' झाली. परिषदेत टाळ्या पडल्या म्हणे. मग तो निबंध पालिकेने उचलला. वस्तीच्या पुनर्विकासात रिकामी घरं आधी पाडायची आणि त्यांच्या बदल्यात घर द्यायचं नाही, कारण तिथे माणसंच नाहीत. आमच्या दारावर लाल रंगाने आकडा पडला.

मावशी सरांकडे गेली. त्यांनी खुर्ची दिली, हळहळले, तळटिपेत खुलासा केला आहे म्हणाले. घरं पाडणारे तळटीप वाचत नाहीत, एवढं तिने त्यांना शांतपणे सांगितलं.

पालिकेतल्या सुनावणीला मी तिला पढवून नेलं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, 'मी न जाताच फॉर्म भरले.' तेवढ्यावर सगळी मोजदाद रद्द झाली असती.

साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "सही तुमचीच ना?"

"हो."

"कुलूप होतं?"

मी तिचा पदर ओढला. तिचे ओठ हलले, पण ते वाक्य काही बाहेर पडेना.

"होतं."

"मग यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही, साहेब. म्हणूनच भीती वाटते."

साहेबांनी मेहरबानी केली. महिन्याभरात कधीही, कामाच्या वेळेत, फेरतपासणी होईल. दिवस सांगणार नाहीत. कुलूप दिसलं की विषय संपला.

त्या दिवसापासून गल्लीतलं एकही दार बंद नाही. कारखाने, इस्पितळ, दुकान सोडून सगळे उंबऱ्यात बसून आहेत. नऊ दिवस झाले. मावशीशी कुणी बोलत नाही. मीही परवापर्यंत बोलत नव्हते, पण तिचं तोंड बघवेना.

काल समोरच्या वहिनींना कारखान्याने कामावरून कमी केलं. आज सकाळी त्या घराला कुलूप लावून दुसरं काम शोधायला गेल्या. पालिकेची गाडी अकरा वाजता आली.