काही अडचण?

“बाई, आज काही अडचण?”

साहेबांनी हे भर लॅबमध्ये विचारलं. माझा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला, मागे सगळे पुरुष उभे. साहेब एरवी इंग्रजीच बोलत. चहा सांगायचा तरी इंग्रजीत. हा एक प्रश्न मात्र मराठीत. तुम्ही पोरी तिकडे परदेशात वाढलात म्हणून सांगते, अडचण म्हणजे पाळी. पाळी हा शब्द तोंडातून काढायचा नसे.

कोणीतरी खोकल्यासारखं करून हसलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन तिथे लागले. लॅबमध्ये मी एकटी बाई. काम असं: तयार औषधाची चिमूट काचपट्टीवर घ्यायची आणि पोलरॉइडच्या, एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये ठेवून पाहायची. चकत्या एकमेकींना आडव्या लावल्या की प्रकाश अडतो, सगळं काळं दिसतं. पण मध्ये स्फटिक असतील तर ते त्या काळोखात पेटतात. निळे, पिवळे, किरमिजी. पट्टी फिरवली की विझतात, आणखी फिरवली की पुन्हा पेटतात. स्फटिकाच्या आत कणांची मांडणी ठरलेली असते, म्हणून प्रकाश त्यातून प्रत्येक दिशेला सारखा जात नाही. नुसती पूड असेल, आत मांडणीच नसेल, तर काळ्याचं काळंच राहतं. असा माल ओलावा धरतो, टिकत नाही.

त्या दिवशी काळं दिसलं. मी म्हटलं, “स्फटिक बसलेले नाहीत.” त्यावर साहेबांचा तो प्रश्न.

अडचण होती. खोटं बोलायचं मला सुचलं नाही. मी मान हलवली.

“मग आज बाहेर बसा,” साहेब म्हणाले. “त्या दिवसांत यापुढे बाहेरच.”

आमच्या घरी त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला शिवत नसत. लोणचं नासतं म्हणायचे. माझी आई शाळेत गेलेली नव्हती. साहेब विलायतेत शिकून आले होते, आणि त्यांनी तीच बरणी कारखान्यात आणून ठेवली. तो माल दुसऱ्या इमारतीत, बंद भांड्यात तयार झाला होता. मी तो फक्त पाहिला होता. माझ्या पाहण्यानेही नासला?

हे सगळं मला सुचलं ते बाहेर बसल्यावर.

व्हरांड्यात एक बाक होता. तिथे बसून मी बाटल्यांना लेबलं चिकटवायची. दर महिन्याला. येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहायचा. रखवालदार, बसचा ड्रायव्हर, स्टोअरमधली पोरं. कँटीनमध्ये माझ्या पाठीमागे एक जण दुसऱ्याला म्हणाला, “राव, आज बाई बाकावर.” माझ्या शरीराचं वेळापत्रक सगळ्या कारखान्याला पाठ झालं. मी खाली मान घालून लेबलं चिकटवत राहिले. लेबलं वाकडी बसायची.

एकदा मी बाकावर असताना आलेला मालही काळा निघाला. तेव्हा कोणी कोणाला काही विचारलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा दिघे म्हणाला, “हवा दमट आहे.” सगळ्यांना पटलं.

गंगूबाई बाटल्या धुवायच्या खात्यात होती. महाळुंग्याकडची. एक दिवस ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“ताई, हितं का बसता वो सारख्या? आत उकडतं व्हय?”

मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली.

“आमी बी येतो की त्या दिसांत. आमाला न्हाई कोन इचारत.”

“का नाही विचारत?”

“आमाला भायेर बसवल्यावर बाटल्या कोन धुनार? साहेब?”

ती गेली. मी हातातलं लेबल तसंच धरून बसले. त्या धुतलेल्या बाटल्यांतच आमचं औषध भरलं जायचं. तिथे विटाळ नव्हता. बाई खुर्चीवर बसली, तिने “माल बरोबर नाही” असं सांगितलं, की विटाळ.

पुढच्या महिन्यात मी बाकावर बसले नाही. सरळ आत गेले, खुर्ची ओढली, दिवा लावला.

साहेब आले. तोच प्रश्न. “काही अडचण?”

“अडचण नाही,” मी म्हटलं. “पाळी आहे. महिन्याचीही आणि कारखान्याचीही. दोन्ही सांभाळून काम करते.”

कोणी हसलं नाही. दिघेने मान खाली घातली. साहेबांचे कान लाल झाले. मग ते इंग्रजीवर आले. आवाज एकदम मऊ. आपण शास्त्राची माणसं आहोत, ते म्हणाले, रागावण्याचं कारण नाही. दर महिन्याच्या तारखा द्या. आपण त्या स्फटिकांच्या निकालाशी ताडून पाहू. वर्षभरात काय ते सिद्ध होईल.

दिघे हळूच म्हणाला, “द्या ना बाई. तुम्हीच जिंकाल.”

तो भला माणूस होता. मला त्याचा साहेबांपेक्षा जास्त राग आला. जिंकायचं कशात? मी नासवत नाही हे मी वर्षभर सिद्ध करायचं, आणि तोवर या पुरुषांनी माझ्या तारखा वाचायच्या? स्फटिकाला आपण दोन चकत्यांमध्ये ठेवतो, फिरवतो, तो पेटतो की नाही ते पाहतो. स्फटिकाची हरकत नसते. माझी होती.

“तारखा मिळणार नाहीत,” मी म्हटलं. मीही इंग्रजीतच म्हटलं, त्यांच्याइतक्याच मऊ आवाजात. “मी इथे नमुना तपासायला आले आहे. नमुना म्हणून आलेली नाही.”

त्या दिवशी मी खुर्ची सोडली नाही. काम पुरं केलं. पुढच्या आठवड्यात सूक्ष्मदर्शक दिघेकडे गेला आणि मला बाटल्यांच्या खात्यात पाठवलं. कारण विचारलं, तर ‘कामाची सोय’. सूक्ष्मदर्शक मला पुन्हा मिळाला नाही. दिघेने तो घेतला आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

माझं काही चुकलं असं मला त्या दिवशी वाटलं नाही, आज ऐंशी उलटल्यावरही वाटत नाही. निकाल माझ्या बाजूने लागणार हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी त्या परीक्षेला बसले नाही. तुमच्याकडेही कोणी मऊ आवाजात म्हणेल, रागावू नका, एकदा सिद्ध करून दाखवा. मी माणूस आहे याचा पुरावा मी कोणाला देत नाही. तुम्हीही द्यायचा नाही.