माझा नवस तिच्या ओटीत

देवीनं पाठ फिरवली, असं वाटून मी कारध्याच्या घाटावर रडत बसले होते. पोटात सातव्या महिन्याचं बाळ होतं. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून कंबर धरायची, म्हणून कधीतरी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. दिवस राहिले तरी त्या सुटेनात. दवाखान्यात सांगावं तर 'कसली आई तू' म्हणतील, ही धास्ती. शेवटी देवीला नवस बोलले, नशेला पुन्हा शिवणार नाही, माझं बाळ सांभाळ. उरलेल्या गोळ्या वैनगंगेत सोडल्या. दुसऱ्याच दिवशी अंग थरथरायला लागलं, उलट्या झाल्या, पोटात कळा आल्या. तशीच घाटावरच्या देवीपुढे आले.

घाटावर ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी डबीतली गुडाखूची तंबाखू दाताला घासत बसली होती. "काहून रडून राहिली वं पोरी?" तिनं विचारलं, आणि नवऱ्यालाही न सांगितलेलं मी तिला सांगून टाकलं. तिनं चूळ भरली, दुकानावर फडकं टाकलं आणि मला ऑटोत घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हेच मला खरं वाटेना. म्हणाल्या, "आलात, फार बरं केलंत. असं एकदम बंद केलं तर बाळाला धोका असतो. आम्ही मोजून औषध देऊ, मग सावकाश बघू." औषध त्या गोळ्यांच्याच जातीचं होतं. माझा हात मागे आला. देवीला दिलेला शब्द मोडला आणि बाळाला काही झालं तर?

म्हातारीनं माझ्यापुढे पदर पसरला. "टाक तुहा नवस माह्या ओटीत. आता तो माहा झाला. तू औषध घे." मी खरोखरच रिकामी ओंजळ तिच्या पदरात सोडली, आणि औषध घेतलं.

मुलगी झाली. तिलाही त्रास झाला, काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं लागलं, मग दूध ओढायला लागली. माझं औषध अजून चालू आहे. आता त्याची लाज वाटत नाही.

लेकीला घेऊन घाटावर गेले. म्हातारी तिथेच होती, पण गुडाखूची डबी दिसेना. विचारलं तर म्हणाली, "तुहाच नवस फेडून राहिली ना मी. लय जड आहे वं बाई तो."

देवी कशी दिसते ते मला ठाऊक नाही. आपल्याला पेलत नाही ते कुणाच्या तरी पदरात टाकावं लागतं, एवढं कळलं. तिनं पुन्हा पदर पसरला, आणि मी लेकीला त्यात ठेवलं.