गाडी येईपर्यंतचं परसदार

फाल्गुनात आमच्या घरामागे सकाळी लख्ख झाडून घ्यावं, चहा पिऊन परत यावं, तर पुन्हा घोट्यापर्यंत पाचोळा! किस्से तसेच साचतात. मी ते मुद्दाम गोळा केलेले नाहीत. लांजा स्टँडवर एसटीची वाट बघताना मैत्रिणींना एक सांगायला घ्यावा, तर त्याच्याखालून दुसरा निघतो. त्या हसतात. मीही हसते. घरी येताना मात्र तेच किस्से जरा जड होतात.

माझं सगळं शिक्षण लांबचं. बाबांच्या नोकरीमुळे शाळा भोपाळला, कॉलेज बंगळुरूला. पर्यावरण विषयात पदवी घेतली आणि जानेवारीत बॅगा उचलून आमच्या वाडीत आले, कायमची. घरात एकटे आप्पा, म्हणजे माझे थोरले काका. वय अठ्ठ्याहत्तर. काकी तीन वर्षांपूर्वी गेली. वाडीत चौदा घरं, त्यातली चूल पेटणारी तीन. आप्पांचा मुलगा सुधीरदादा बोरिवलीला असतो. त्याने ठरवलं होतं, चैत्रात गाडी घेऊन यायचं आणि आप्पांना मुंबईला न्यायचं.

"मी आहे ना इथे!" मी फोनवर म्हणाले.

"तू किती दिवस आहेस?" दादाने विचारलं. "हौस फिटली की जाशील. मग?"

त्या दिवशी मी मनात शपथच घेतली. चैत्रापर्यंत परसदार असं फुलवायचं, की आप्पांचा पायच निघणार नाही!

*

दादाची बाजूही सांगायला हवी. गेल्या श्रावणात आप्पा विहिरीजवळच्या हळदीत पाय घसरून पडले. सकाळी पडले, ते दुपारी शेजारच्या लक्ष्मीवहिनीला दिसले. मधले चार-पाच तास पावसात, चिखलात. उठताच येईना.

हे मला आप्पांनीच सांगितलं, तेही हसत.

"ओरडलात नाही?"

"ओरडलो की. पण ऐकायला कोण गो? मग म्हटलं, आडवा हायच, तर तण तरी काढू."

मला वाटलं थट्टा करताहेत. लक्ष्मीवहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "खरंच गो बाय! मी आले तेव्हा हात पोचंल तिथवर गोल लख्ख केला होता. उठवायला गेले तर म्हणतात, जरा डाव्या अंगाला सरकव, तिकडचं राहिलंय!"

*

आता माझा पहिला पराक्रम. मी आल्या आल्या ठरवलं की पाचोळा जाळणं बंद. पाचोळा म्हणजे सोनं! आठवडाभर खपून मी काजूखालचा, आंब्याखालचा, अगदी बंद घरांच्या अंगणांतलाही पाचोळा गोळा केला. सतरा पोती भरली. मिरचीच्या वाफ्यांवर आच्छादन घालायचं, उरलेल्याचं कंपोस्ट करायचं. संध्याकाळी मी आप्पांना जमिनीतल्या जिवाणूंवर एक भाषणही दिलं. त्यांनी मान डोलावली.

सकाळी धुराच्या वासाने जाग आली. धावत मागे गेले. खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान तुकड्यात, सतरा पोती पसरलेली आणि मध्ये आप्पा, हातात काठी, डोळ्यांत धूर. आमच्याकडे भाताचा तरवा, म्हणजे रोपं, पेरायच्या जागेवर आधी पालापाचोळा जाळतात, त्याला भाजावळ म्हणतात. आप्पांना वाटलं, पोरीने त्याचीच तयारी केली!

"बाय," ते म्हणाले, "आजवर एवढा पातेरा मला कुणी गोळा करून दिला नव्हता गो!"

एवढे खूश होते की मला रागावता येईना. मग आठवलं, शेत तर चार वर्षं पडीक आहे. विचारलं, "आप्पा, यंदा भात लावणार कोण?"

"ते काय माहीत नाय," आप्पा आग पुढे सारत म्हणाले. "आपण भाजून ठेवायचं."

*

मग वानरं. मी लाल माठ, वाल, भेंडी, मुळा सगळं लावलं होतं. कोवळी पानं वर आली आणि तिसऱ्या दिवशी टोळी उतरली. मी ऑनलाइन एक सोलर भोंगा मागवला. दर दहा मिनिटांनी कुत्री भुंकल्याचा आवाज काढणारा. पहिल्या दिवशी वानरं पळाली. दुसऱ्या दिवशी लांब बसून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी एक म्हातारं वानर त्या भोंग्याला टेकून भेंडीचं कोवळं रोप खात होतं!

मी रडवेली झाले. काठी घेऊन धावणार, तर आप्पांनी हात धरला. पडवीच्या पायरीवर बसून ते त्या टोळीकडे बघत होते. पिल्लं, माद्या, म्हातारी, सगळी ओळीने वाफ्याच्या कडेला बसून खात होती.

"बस जरा," आप्पा म्हणाले. "लई वर्षांनी वाडीत एवढी पंगत बसलीय."

*

त्यानंतर मी भाज्यांचा नाद सोडला आणि बांधकामाला लागले. विहिरीपाशी आप्पांना टेकायला दगडांचा एक ओटा करावा म्हटलं. आमच्या आणि शेजारच्या बंद घराच्या मध्ये दगडांचा गडगा आहे, अर्धा ढासळलेला. त्यातले खाली पडलेले आठ-दहा दगड उचलले.

तासाभरात आप्पांचा फोन वाजला. शेजारच्या घराचा मालक, नालासोपाऱ्याहून! अकरा वर्षांत माणूस गावाला फिरकला नव्हता. लक्ष्मीवहिनीने व्हिडिओ कॉलवर त्याच्या बायकोला वाडीतला मोहर दाखवला होता. त्यात मागे मी दगड घेऊन चाललेली दिसले!

"आमच्या गडग्याला हात लावायचा नाय, सांगून ठेवतो!" तो इतक्या मोठ्याने ओरडत होता की मला चुलीपाशी ऐकू येत होतं.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुडघा कसा हाय रं तुझा?" मग पोरांचं विचारलं. मग पोरीच्या लग्नाचं. मग दोघंही लहानपणी नदीच्या कुठल्या तरी कोंडीत बुडता बुडता वाचले होते, ते निघालं. पाऊण तास! फोन ठेवला तेव्हा आप्पांचा चेहरा वेगळाच दिसत होता.

मी ओशाळून सगळे दगड जागेवर ठेवले. ओटा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आप्पा हळूच म्हणाले, "बाय, वरच्या अंगाचा एखादा दगड हलवून बघ. तिकडची हद्द त्याच्या भावाची, तो सुरतेला असतो. त्याचाबी लई दिवसांत फोन नाय."

*

यानंतरचा किस्सा मी सहसा कुणाला सांगत नाही.

चैत्र जवळ आला तसं विहिरीचं पाणी खाली गेलं. आप्पा रोज सकाळी दोन कळशा घेऊन पोफळींना पाणी घालायचे. तेरा पोफळी, प्रत्येकीच्या आळ्यात एक कळशी. मला त्यांची धाप ऐकवेना. मी साठवलेल्या पैशांतून लहान पंप आणि ड्रिपच्या नळ्या आणल्या. रत्नागिरीहून एसटीच्या टपावरून! दोन दिवस वाकून स्वतः जोडल्या. बटण दाबलं आणि तेराही पोफळींपाशी थेंब पडू लागले. मी टाळ्या वाजवल्या.

त्याच दुपारी दादाचा फोन आला. मी अभिमानाने सगळं सांगितलं.

"वा!" दादा मनापासून खूश झाला. "बरं झालं! आप्पा दर वेळी हेच सांगायचे, की पोफळींना पाणी कोण घालेल. आता तीही अडचण नाही. मी पुढच्या रविवारीच येतो."

फोन स्पीकरवर होता. आप्पा समोरच बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

सकाळी मागे गेले, तर नळी चार ठिकाणी कापलेली आणि आप्पा कळशी घेऊन सातव्या पोफळीपाशी.

"वानर," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

"वानराचा दात इतका सरळ कापतो?"

"आजकालची वानरं," आप्पा म्हणाले, "काय सांगावं."

मी नळी जोडली नाही. पण रविवार तर ठरला होता.

*

रविवारी दादा आला. गाडी खळ्यात लावली. आप्पांचं सामान म्हणजे दोन पिशव्या आणि औषधांचा डबा. ते मागच्या सीटवर ठेवून झालं. आप्पा नवीन शर्ट घालून तयार. देवाला नमस्कार केला आणि म्हणाले, "सुधीर, जरा मागं ये."

परसदारी, विहिरीच्या वर एक फणस आहे. बारा वर्षांचा, उंच, पण एकदाही न धरलेला. अशा झाडाला आमच्याकडे धाक घालायची पद्धत आहे. एकाने कोयता घेऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "हे झाड काही कामाचं नाही, तोडतो!" दुसऱ्याने झाडाला हात लावून विनवायचं, "नको, राहू दे, पुढच्या वर्षी धरेल." मग पहिल्याने ऐकायचं आणि कोयता खाली ठेवायचा. झाड घाबरून फळ धरतं म्हणतात. मी लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा एका आवळ्यापुढे हे नाटक पाहिलं होतं. कोयता आप्पांचा आणि विनवणी काकीची. काकी गेल्यापासून ते बंदच होतं.

आप्पांनी दादाला झाडापाशी उभं केलं आणि स्वतः कोयता घेऊन समोर आले.

"बारा वर्षं झाली," ते मोठ्याने म्हणाले. "एक फणस नाय. नुसती जागा अडवून उभा हाय. आज तोडतोच!"

कोयता वर गेला. दादा मोबाइलमध्ये रस्त्याचं काहीतरी बघत होता. त्याने मान वर करून झाडाकडे नीट पाहिलं.

"तोडाच आप्पा," तो म्हणाला. "पावसात पडलं तर कौलं जातील."

तो काही खोटं बोलला नव्हता. झाड घराकडे झुकलेलं होतंच.

आप्पांचा हात वरच राहिला. विनवायला मी पुढे धावले, तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला थांबवलं. मग कोयता खाली मातीत ठेवला. झाडाला वळसा घालून पलीकडे गेले, बुंध्यावर तळवा टेकला आणि बारीक आवाजात म्हणाले,

"राहू द्या हो. लहान हाय अजून. पुढल्या वर्षी धरंल."

तिथून ते परत इकडे आले. वाकून कोयता उचलला. क्षणभर झाडाकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस म्हणून."

कोयता त्यांनी माझ्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले.