पंधरा ग्रॅमचं शिसं

चारही टायर नवे बसवले, तरी मेकॅनिक म्हणाला, "ताई, बॅलन्सिंग केल्याशिवाय नेऊ नका. ऐंशीला स्टिअरिंग थरथरेल." मी थांबले. आई बाकावर बसून सुहासशी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाशी, फोनवर बोलत होती. गेला महिनाभर तिला दवाखान्यात मीच नेते आहे. हसू मात्र ती त्याच्यासाठी राखून ठेवते.

मेकॅनिकनं चाक मशीनवर चढवून गरगर फिरवलं. पडद्यावर पंधराचा आकडा उमटला. त्यानं बोटाच्या पेराएवढा शिशाचा तुकडा रिमच्या कडेला ठोकला.

"जड बाजूच कमी नाही का करता येत?" मी विचारलं.

"ती कशी करणार, ताई? समोरच्या बाजूला वजन लावायचं. पंधरा ग्रॅम पुरतात."

पुन्हा फिरवल्यावर पडद्यावर शून्य आलं. मला त्या चाकाचा हेवाच वाटला. "तू मोठी आहेस, तू समजून घे," असं त्याला कुणी म्हटलं नाही. कुठे कमी पडतंय ते पाहिलं आणि नेमकं तिथेच तेवढं लावलं. मला तरी कुठे जास्त हवं होतं? सुहासच्या वाट्याचं काही काढू नका, दिवसातून एकदा "दमलीस का गं?" एवढं विचारलं असतं, तरी पुरलं असतं.

परत निघालो. हायवेला लागल्यावर मी मुद्दाम ऐंशी गाठली. गाडी अगदी अलगद पळत होती.

"बघ," आई कौतुकानं म्हणाली, "सुहास मघाशी फोनवर म्हणालाच होता, बॅलन्सिंग करून घ्या."

स्टिअरिंग जराही थरथरलं नाही. मी ऐंशीवरच गाडी चालवत राहिले.